१०० दाणे मोजून दाखवा

उमरखेड तालुक्यात घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे असेल, तर जाणता शेतकरी त्यातले १०० दाणे सरसकट उचलतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि आठवडाभराने उगवलेले मोजतो. ७० उगवले तर बियाणे पेरणीजोगे. या चाचणीचा सगळा जीव ‘सरसकट’ या शब्दात आहे. टपोरे दाणे निवडून ठेवले तर ९५ सुद्धा उगवतील, पण पोत्याबद्दल काहीच कळणार नाही. शेअर बाजारात आपोआप सौदे करणारे ‘अल्गो’ आणि खात्रीचे ‘कॉल’ विकणारे बहुतेक जण आपल्याला असेच निवडलेले दाणे दाखवतात.

नफ्याचा स्क्रीनशॉट खोटाच असतो असे नाही; खरा असूनही तो पुरावा ठरत नाही. समजा, एकाने १,०२४ जणांना उद्याचा अंदाज पाठवला. निम्म्यांना ‘निफ्टी वर’, निम्म्यांना ‘खाली’. ज्यांच्याकडे बरोबर अंदाज गेला, त्यांनाच दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. पाच दिवसांनी ३२ जणांच्या हाती सलग पाच बरोबर अंदाज उरतात आणि हा माणूस चुकत नाही, असे ते मनापासून सांगत सुटतात. दुसरा दावा ‘बॅकटेस्ट’चा, म्हणजे जुन्या भावांवर पद्धत तपासल्याचा. मृगात पाऊस कधी पडला हे कळल्यावर पेरणीची अचूक तारीख कोणीही सांगेल. मागच्या आकड्यांवर शेकडो नियम चालवले, की एखादा योगायोगानेही चपखल बसतो. टाकून दिलेले नियम जाहिरातीत येत नाहीत.

पूर्ण पोत्याचा हिशेब मात्र उपलब्ध आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. खर्च वजा जाता लाखापेक्षा जास्त नफा फक्त १ टक्का लोकांना झाला. २०२३-२४ मधले ७२ टक्क्यांहून अधिक ट्रेडर मोठ्या ३० शहरांबाहेरचे होते, म्हणजे उमरखेडसारख्या गावांतलेही. आता विक्रेत्याच्या खात्याकडे पाहू. ऑक्टोबर २०२३च्या आदेशात सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने मोठ्या नफ्याची हमी देणाऱ्या नसिरुद्दीन अन्सारी यांचा स्वतःचा अडीच वर्षांतला तोटा २.८९ कोटी रुपये असल्याचे नोंदवले. डिसेंबर २०२५ मध्ये कर्जतच्या अवधूत साठे ट्रेडिंग अकादमीविरुद्धच्या अंतरिम आदेशात ५४६ कोटी रुपये जप्त करण्याचे निर्देश देताना, फायद्याचे निवडक सौदेच लोकांसमोर मांडल्याचा ठपका सेबीने ठेवला. तो आदेश अंतरिम आहे, हे लक्षात ठेवूनही ‘निवडक’ हा शब्द नजरेआड करता येत नाही.

विक्रेते म्हणतील, पद्धत गुप्त आहे, दाखवली तर चोरीला जाईल. पद्धत मागतोच कोण? संकरित कपाशीचे नर-मादी वाण कंपनी सांगत नाही, तरी पाकिटावर उगवणशक्तीचा आकडा छापावाच लागतो. दुसरा युक्तिवाद, तोटा झालेल्याने शिस्त पाळली नाही. २०२०च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, तेव्हा ‘पेरणी खोल झाली’ हे उत्तर शेतकऱ्यांनी ऐकले आहे. कोणाची पेरणी चुकलीही असेल; पण दहातल्या नऊ शेतांत तेच घडत असेल, तर आधी पोते तपासायला हवे. सगळेच विक्रेते फसवे नसतात, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तपासणीचा आग्रह मी त्यांच्यासाठीही धरतो: खऱ्या आकड्यांना बनावट आकड्यांपासून वेगळे करणारी दुसरी वाट नाही. ग्राहकांना अल्गो देणाऱ्या ब्रोकरांनी मागच्या वा पुढच्या परताव्याचा दाखला देऊ नये, असे सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावले आहे. टेलिग्रामवरच्या विक्रेत्यापर्यंत हा नियम पोहोचायला वेळ लागतो. तोवर लोकांनी भरलेली फी गेलेली असते.

म्हणून पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळा. त्याच्या स्वतःच्या खात्याचा किमान एका वर्षाचा, तोट्याच्या दिवसांसह संपूर्ण हिशेब मागा, ब्रोकरकडून आलेला, चार्टर्ड अकाउंटंटने तपासलेला. त्याने नकार दिला, तर पैसे देऊ नका.