जोडलेल्या फोटोमागची नोंद

गेल्या उन्हाळ्यात जळगावला आमच्या खालाच्या नातीचा निकाह झाला. अल्बम तयार होऊन आला तेव्हा आम्ही सगळ्या धुळ्याला खालाच्या घरी जमलो होतो. पानं उलटता उलटता खाला एका फोटोवर थांबल्या. घरातली सगळी माणसं त्यात होती, फक्त खालूजान नव्हते. दोन वर्षांपूर्वीच त्यांचा इंतकाल झाला. खाला हळूच म्हणाल्या, "बेटा, आजकाल मोबाइलवर सगळं होतं म्हणे. तुझ्या खालूंना यात उभं करता येईल का?"

मी हो म्हणाले. अशी विनंती बहुतेक घरांत कधी ना कधी होते, म्हणून या वेळी त्याच कामाबद्दल लिहिते.

दोन फोटोंचा एक फोटो करणं ही मोबाइलने आणलेली गोष्ट नाही. १८५६-५७ च्या सुमारास फ्रान्समधले छायाचित्रकार ग्युस्ताव ल ग्रे समुद्राचे फोटो काढत. त्या काळच्या काचेवर आकाश फार लवकर उमटे. समुद्र नीट यावा म्हणून थांबलं की आकाश पांढरं फटक पडे. तेव्हा त्यांनी आकाश एका काचेवर आणि समुद्र दुसऱ्या काचेवर घेतला आणि दोन्ही एकाच कागदावर छापले. १८५८ मध्ये इंग्लंडच्या हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्ह जोडून मरणाच्या दारातली मुलगी आणि तिच्याभोवतीची घरची माणसं असा एक फोटो तयार केला. तो पाहून लोक हेलावले, काही जण नाराजही झाले. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओत हेच काम कात्री, गोंद आणि बारीक ब्रशने व्हायचं. चेहरा कापून चिकटवायचा, कडा रंगवायच्या आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचा.

डोळा कशाने फसतो हे समजून घ्यायला खान्देशाबाहेर जायची गरज नाही. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून असे फोटो काढत की पाहणाऱ्याला दूरवरचा मुलूख पाहतोय असं वाटावं. आयुष्याची जवळपास पन्नास वर्षं ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत, आणि घरात बसून त्यांनी ही दृश्यं उभी केली. त्यांचं ते घर आता संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. त्यांच्या कामातून एक गोष्ट कळते. प्रकाश खरा वाटला की डोळा बाकीचं मान्य करतो. वस्तू कोणती, केवढी, हे तो नंतर विचारतो.

म्हणूनच खालूंचा कोणता फोटो घ्यायचा, हाच खरा प्रश्न होता. हजच्या अर्जासाठी काढलेला फोटो स्वच्छ होता, पण त्यात उजेड समोरून सपाट पडलेला. दुसरा रावेरकडच्या केळीच्या बागेतला. भर दुपारचं ऊन, डोळ्यांखाली काळ्या सावल्या. निकाहचा फोटो मात्र मांडवाच्या कापडातून झिरपणाऱ्या मऊ उजेडातला. शेवटी ईदच्या सकाळी दारात, सावलीत काढलेला एक फोटो सापडला. तो जुळला. ज्यांना हे काम करायचं असेल त्यांनी एवढं बघावं:

पहिलं, नाकाखालची आणि हनुवटीखालची सावली. दोन्ही फोटोंत ती एकाच बाजूला पडली पाहिजे. पडत नसेल तर फोटो आरशासारखा उलटा करायचा मोह होतो. तसं केलं की शर्टाचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो, बटणं फिरतात, गालावरचा तीळ बाजू बदलतो. घरची माणसं ते लगेच ओळखतात.

दुसरं, कॅमेऱ्याची उंची. एक फोटो खाली बसून आणि दुसरा उभं राहून काढलेला असेल तर ते दोन कधी जुळत नाहीत.

तिसरं, आकार. शेजारच्या माणसाच्या डोक्याशी आणि खांद्याशी माप लावून बघा. एकाच ओळीतल्या माणसांची डोकी साधारण सारखीच दिसतात.

चौथं, पाय. पायाखालची सावली जमवणं सगळ्यात कठीण. त्यापेक्षा माणूस खुर्चीवर बसलेल्यांच्या मागे उभा करावा, म्हणजे पाय दाखवावेच लागत नाहीत.

पाचवं, कडा आणि रंग. दाढीचे, केसांचे काठ थोडे मऊ ठेवा. कात्रीने कापल्यासारखे दिसता कामा नयेत. एका फोटोतला काळा रंग गडद आणि दुसऱ्यातला राखाडी असेल तर ते आधी सारखे करा. जुन्या फोटोतले बारीक दाणे शेवटी संपूर्ण चित्रावर हलकेच द्या.

जुना फोटो मोबाइलवर घेताना तो फ्रेममधून बाहेर काढा, खिडकीजवळ सावलीत सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल बरोबर त्याच्या वर धरा.

चार रात्री बसून मी काम पुरं केलं. खालांच्या डाव्या हाताला जागा होती, तिथे खालूंना उभं केलं. ज्याला दाखवलं तो म्हणाला, कळतच नाही. मग खालांना दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय बेटा. पण ते या बाजूला कधीच उभे राहत नसत. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. माझं बोलणं ऐकू यावं म्हणून ते नेहमी माझ्या उजवीकडे उभे राहायचे."

म्हणजे पाचही गोष्टी जुळल्या होत्या, तरी फोटो खरा नव्हता. हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच होतं. मी खालूंना दुसऱ्या बाजूला नेलं. पण त्या दिवसापासून मनात एक प्रश्न राहिला. खाला आहेत तोवर कुणी तरी सांगेल. वीस वर्षांनी हा फोटो कुणाच्या हाती पडला तर त्याला कोण सांगणार?

हा प्रश्न एका घरापुरता नाही. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार केलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, गावोगाव भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्या दिवसांत देशभर फिरणारी एक चित्रफीत तर मुळात कराचीत जनजागृतीसाठी बनवलेली होती. मोटारसायकलवरचा माणूस मूल उचलतो आणि शेवटी परत आणून सोडतो, फलक दाखवतो. तो शेवट कापून ती पसरवली गेली. कुणी चित्र जोडून खोटं करतो, कुणी कापून. पाहणाऱ्याचा डोळा दोन्ही वेळा तसाच फसतो.

म्हणून फोटो जोडायला शिकलेल्याने फोटो तपासायलाही शिकावं. अंगावर येणारा एखादा फोटो मोबाइलवर आला की याच पाच गोष्टी उलट बाजूने बघा. सावल्या दोन दिशांना आहेत का? पाटीवरची अक्षरं उलटी आहेत का? माणसांच्या पायाखाली सावली आहे का? गूगल लेन्समध्ये तो फोटो टाकून तो आधी कुठे आला होता तेही बघता येतं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं प्रकाश आणि सावली स्वतःच जुळवून देतात, तेव्हा नुसत्या डोळ्यावर भरवसा ठेवू नका. कुणी काढला, कुठे, कधी, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढे पाठवू नका.

आणि आपण घरी जोडलेल्या फोटोला हीच उत्तरं आपणच द्यावीत. खालांच्या फोटोच्या मागे मी पेनने लिहिलं: "हा फोटो दोन फोटो जोडून केला आहे. निकाहच्या वेळी खालू हयात नव्हते. त्यांचा फोटो ईदच्या सकाळी धुळ्याच्या घराच्या दारात काढलेला आहे." मोबाइलवरच्या प्रतीत हीच ओळ चित्राखाली छोट्या अक्षरांत घातली, कारण मोबाइलवरच्या फोटोला पाठ नसते. दोन्ही मूळ फोटो त्याच पाकिटात ठेवले.

परवा खालांच्या धाकट्या नातवाने तो फोटो हातात घेऊन विचारलं, "दादाजान आपाच्या निकाहला आले होते?" खालांनी फोटो उलटा करून त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुला वाचता येतं ना? वाच."