चुकांचे प्रकरण

वार्षिक परीक्षा आटोपून उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की परिचितांच्या घरून मला एक प्रश्न दरसाल न चुकता येतो, आणि तो असा की, मुलाला किंवा मुलीला वेब डेव्हलपमेंट, म्हणजे संकेतस्थळे रचण्याची विद्या, शिकावयाची आहे, तर पुस्तक कोणते घ्यावे. विचारणाऱ्याला एका नावाची अपेक्षा असते. औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढे करावी तसे ते नाव पुस्तकांच्या दुकानात पुढे करावे आणि मोकळे व्हावे, एवढाच त्याचा हेतू असतो. मी मात्र नाव न सांगता, हाती येईल त्या पुस्तकाची अनुक्रमणिका उघडून चुकांचे प्रकरण कितव्या पानावर आहे, आणि मुळात आहे की नाही, हे आधी पाहावे असे सुचवतो. त्यावर विचारणारा बहुधा काहीसा हिरमुसून चहाच्या कपाकडे वळतो.

या सूचनेमागे अनुभव आहे, आणि तो फारसा अभिमानास्पद नाही. २००० सालच्या आसपास मी या विद्येच्या वाटेला गेलो तेव्हा, मुखपृष्ठावर अल्पावधीत पारंगत करण्याची हमी छापलेला, आठ-नऊशे पानांचा एक ग्रंथ, केवळ वजनावरून त्याच्या विद्वत्तेचा अदमास घेऊन, मी विकत आणला होता. पानाचा मजकूर एचटीएमएलमध्ये लिहावयाचा आणि त्याचे रंगरूप सीएसएस नावाच्या नियमावलीने ठरवावयाचे, इतपत मला त्यातून समजले, आणि पहिला प्रयोग म्हणून मी मथळा लाल करावयास घेतला. शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी 'कलर' या शब्दात 'ओ'नंतर 'यू' हवाच, हे छडीच्या साक्षीने मनावर ठसवलेले होते. सीएसएसला मात्र अमेरिकी स्पेलिंग लागते, आणि त्यात 'यू' नाही. ग्रंथातल्या उदाहरणांत तो नाही हे माझ्या नजरेतून सुटले होते असे नव्हे. परंतु तो मुद्रणदोष असावा असे धरून, मास्तरांचा इमानी शिष्य या नात्याने, मी प्रत्येक ठिकाणी लाल शाईने समासात 'यू' घालून सबंध प्रकरण शुद्ध करून घेतले, आणि त्यानंतर दोन रात्री मथळा काळ्याचा लाल का होत नाही या विवंचनेत घालवल्या. पडद्यावर इशारा आला नाही, पान उघडावयाचे अडले नाही, सर्व काही यथास्थित दिसत होते. फक्त मथळा काळा होता. ग्रंथात याविषयी एक अक्षर नव्हते, कारण ग्रंथकर्त्याच्या लेखी वाचक उदाहरणे जशीच्या तशी उतरवून काढणार होता, आणि उतरवून काढणाऱ्याच्या हातून चूक होण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

ही गोष्ट एकट्या माझ्या अज्ञानाची असती तर तिचा दाखला देण्याचे कारण नव्हते. पण ती या विद्येच्या स्वभावातच मुरलेली आहे. सी भाषेचा कंपायलर हा जुन्या कचेरीतल्या खडूस कारकुनासारखा असतो. अर्जात एक अर्धविराम राहिला तरी तो त्रुटीचा शेरा मारून सबंध कागद परत करतो, आणि पूर्तता झाल्याखेरीज काहीही पुढे सरकू देत नाही. ब्राउझर हा त्याच्या अगदी उलट प्रकृतीचा गृहस्थ आहे. तो कोणताही अर्ज हसतमुखाने दाखल करून घेतो, त्यातला जो मजकूर कळला नाही तो गुपचूप वगळतो, उरलेल्याचा स्वतःच्या अकलेप्रमाणे अर्थ लावतो आणि आपल्याला निश्चिंत मनाने घरी पाठवतो. हा दोष अनवधानाने शिरलेला नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत ज्या योजनेचा मसुदा मांडला, तिच्या मुळाशीच कोणत्याही यंत्रावर कोणाचेही पान उघडावे ही आकांक्षा होती. १९९६ साली सीएसएसची पहिली आवृत्ती सिद्ध झाली तेव्हा, जो नियम समजत नाही तो ब्राउझरने सोडून द्यावा आणि पुढे जावे, असा दंडकच तीत घालण्यात आला, जेणेकरून उद्याचे पान कालच्या ब्राउझरवरही निदान वाचता यावे. पुढे एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीने तर चुकीच्या लिखाणाचा अर्थ कसा लावावा याचेही तपशीलवार नियम ठरवून दिले. जो सोशिकपणा वाचणाऱ्याला वरदान ठरला, तोच शिकणाऱ्याला नेमका अडचणीत आणतो.

जावास्क्रिप्टची कथा याहून मासलेवाईक आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ही भाषा दहा दिवसांत घडवली, आणि त्या घाईच्या काही खुणा तिच्या अंगावर आजही आहेत. या भाषेत व्हेरिएबलला देवनागरी नावही देता येते. समजा, आपण 'एकूण' या नावाने एक खाते उघडले आणि पुढे बेरीज मांडताना, आपल्या जुन्या सवयीप्रमाणे, ऱ्हस्व 'एकुण' लिहून बसलो, तर यंत्र हरकत न घेता 'एकुण' या नावाचे दुसरे खाते उघडते, सगळी रक्कम त्यात जमा करते, आणि 'एकूण'मध्ये शून्य ते शून्यच राहते. २००९ साली या भाषेत स्ट्रिक्ट मोड आला, आणि तो चालू असेल तेथे अशा लिखाणाला यंत्र तत्काळ अडवू लागले. मराठी माणसाला ऱ्हस्वदीर्घावरून जाब विचारणारे यंत्र त्याने जन्मास घातले, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणून मी पुस्तकात चुकांचे प्रकरण शोधतो. कर्निहन आणि रिची यांचे सी भाषेवरील १९७८ चे पुस्तक अद्याप आदराने वाचले जाते. त्याच्या पहिल्या प्रकरणातला पहिलाच स्वाध्याय असा आहे की, दिलेला चार-पाच ओळींचा प्रोग्राम चालवून पाहावा, आणि मग त्यातला एकेक भाग मुद्दाम गाळून यंत्र काय तक्रार करते ते पाहावे. वेब शिकवणाऱ्या पुस्तकावर ही जबाबदारी दुपटीने येते, कारण येथे यंत्र तक्रार करत नाही, ती उकरून काढावी लागते. वास्तविक ब्राउझरपाशी एक खाजगी वही असते. क्रोममध्ये एफ १२ हे बटण दाबले की ती उघडते, आणि जो नियम त्याने निमूटपणे वगळला त्यावर काट मारून बाजूला एक पिवळा त्रिकोण काढलेला तीत आढळतो. ही वही उघडावयास जे पुस्तक पहिल्या पन्नास पानांत शिकवत नाही, ते कितीही सचित्र, कितीही अद्ययावत असले तरी मी ते परत कपाटात ठेवतो.

या कसोटीवर उतरणारी पुस्तके आहेत. मारेन हावरबेके यांच्या 'एलोक्वंट जावास्क्रिप्ट'मध्ये आठवे सबंध प्रकरण चुकांना वाहिलेले आहे. बहुतेक प्रकरणांच्या शेवटी कस लावणारे स्वाध्याय आहेत, आणि लेखकाने ते पुस्तक जालावर विनामूल्य ठेवलेले असल्याने विकत घेण्यापूर्वी मनसोक्त चाळताही येते. अगदी नवख्याला त्याची चढण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापासून दमवणारी वाटते, हे मात्र कबूल केले पाहिजे. डग्लस क्रॉकफर्ड यांचे २००८ चे 'जावास्क्रिप्ट : द गुड पार्ट्स' हे दोनशेहून कमी पानांचे पुस्तक भाषेची वाईट आणि भयंकर अंगे परिशिष्टांत उघडपणे मांडते, पण ते स्ट्रिक्ट मोडच्या आणि २०१५ च्या मोठ्या सुधारणेच्या आधीचे आहे, तेव्हा त्याला पहिल्या नव्हे, दुसऱ्या पुस्तकाचा मान द्यावा. जॉन डकेट यांचे २०११ चे एचटीएमएल व सीएसएसवरील पुस्तक इतके देखणे आहे की ते हातात घेताच शिकण्याची उमेद वाटते, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु पानाची मांडणी ते जुन्या फ्लोट पद्धतीने शिकवते, आणि त्या कामासाठी २०१७ साली प्रमुख ब्राउझरांत दाखल झालेली ग्रिड पद्धत त्यात अर्थातच नाही.

येथे कोणी म्हणेल की, मग सालच पाहावे, चुकांचे प्रकरण कशाला. साल जरूर पाहावे, आणि तेही नीट पाहावे, कारण आपल्याकडच्या पुनर्मुद्रणांत मुद्रणाचे ताजे साल ठळक असते आणि आवृत्तीचे खरे साल बारीक टायपात दडलेले असते. पण जुनेपणाचे नुकसान मला दुय्यम वाटते. पीएचपी भाषेच्या जुन्या पुस्तकांत डेटाबेसशी बोलण्यासाठी जी फंक्शने शिकवलेली असत, ती २०१५ च्या अखेरीस निघालेल्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. असे पुस्तक घेऊन बसणाऱ्याचा प्रोग्राम पहिल्याच पायरीला बोंब मारून थांबतो, आणि त्याला तासाभरात कळून चुकते की पुस्तक कालबाह्य आहे. खरा धोका, जे शिकवलेले चालते, त्याचा आहे.

त्याचे उदाहरण देतो. गोव्यात आणि वसईत डिसूझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना 'डी' अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफी देण्याची रीत आहे. अर्जात आलेले आडनाव जसेच्या तसे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या हुकमात चिकटवून डेटाबेसकडे धाडावे, असे कित्येक पुस्तकांनी बिनदिक्कत शिकवले, आणि जोशी, पाटील, कांबळे यांच्या नावांनी केलेल्या साऱ्या चाचण्या त्यातून सुखरूप पारही पडतात. डिसूझाबाईंचा अर्ज आला की मात्र, मजकूर कोठे संपतो हे डेटाबेस त्याच चिन्हावरून ओळखत असल्याने, आडनाव 'डी'पाशीच संपले असे तो समजतो, पुढचे 'सूझा' हे त्याला असंबद्ध बरळणे वाटते आणि अर्ज फेटाळला जातो. बाईंची गैरसोय झाली एवढ्यावर हे थांबत नाही. ज्या फटीत त्यांचे आडनाव अडकले, त्याच फटीतून एखादा लबाड मनुष्य नावाच्या रकान्यात नावाऐवजी हुकूमच लिहून तो अमलात आणवू शकतो, आणि सबंध दप्तर बाहेर काढू शकतो. यावरचा उपाय, म्हणजे हुकूम आधी स्वतंत्रपणे तयार ठेवून आडनाव त्याच्या हाती वेगळ्या पाकिटातून देणारे प्रिपेअर्ड स्टेटमेंट, सोपा आणि जुना आहे. पुस्तक दुकानात चाळताना डेटाबेसचे पहिले उदाहरण काढून पाहावे. हुकूम आणि आडनाव एकाच ओळीत अधिकचिन्हाने सांधलेले दिसले, तर पुस्तक मिटावे.

आपल्या लिपीने घेतलेली परीक्षा आणखी निराळी. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपण चार अक्षरांचे मोजतो. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर ती दहा सांगते, कारण काना, मात्रा आणि हलन्ताची खूण ही प्रत्येक तिच्या हिशेबी स्वतंत्र नग असते. इंग्रजी नावांच्या अंदाजाने कोणी नावाच्या रकान्याला आठ नगांची मर्यादा घातली, तर आमचा ज्ञानेश्वर त्यात 'ज्ञानेश्' असा पाय मोडून बसतो. परदेशी लेखकाने देवनागरीचा विचार करावा अशी सक्ती नाही. परंतु लांबी म्हणजे अक्षरे नव्हेत, एवढी सूचना ज्याने इमोजीच्या निमित्ताने का होईना दिली, तो लेखक वाचकाच्या अडचणी ओळखून आहे असे मी मानतो.

यावरून मराठी पुस्तकाचा विषय निघतोच. मराठीत अशी पुस्तके व्हावीत असे मला मनापासून वाटते. मात्र व्हेरिएबलला 'चल' आणि फंक्शनला 'फलन' म्हटल्याने विषय सुगम होतो हा समज सोडला पाहिजे. चूक झाली की यंत्र जे सांगते ते इंग्रजीत सांगते. अमुक गोष्ट 'अनडिफाइंड' असून तिचे गुणधर्म वाचता येत नाहीत, अशा आशयाची ती लाल ओळ मराठी माध्यमाच्या मुलाला धमकीसारखी भासते. त्या ओळीचा पदच्छेद करून, कोणता शब्द कशाविषयी बोलतो आणि शेवटचा आकडा कोणत्या ओळीकडे बोट दाखवतो, हे निवांतपणे सांगणारी वीस पाने मराठीत कोणी लिहिली, तर त्यांचे मोल पारिभाषिक कोशाहून अधिक होईल. आता मागताक्षणी प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे आली असता पुस्तके हवीत कशाला, असा एक पक्ष आहे. पण यंत्राने दिलेल्या चारशे ओळींत डिसूझाबाईंचा अर्ज अडकतो की नाही, हे तपासावयास माणूस लागतोच, आणि त्याला चूक कशी दिसते हे आधी कोठेतरी शिकावे लागते.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला घेऊन मी अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. दुकानदाराने नेहमीप्रमाणे सर्वांत जाड पुस्तक पुढे केले. तिने ते उघडले, अनुक्रमणिका चाळली, आणि एक शब्दही न बोलता त्याहून निम्म्या जाडीचे दुसरे उचलले. घरी आल्यावर माझ्या कपाटातला तो जुना ग्रंथ तिच्या हाती लागला.

"मामा, तुझ्या या पुस्तकात सगळीकडे लाल शाईने 'यू' का लिहिलाय?"

"मुद्रणदोष होते," मी म्हणालो.