पालीच्या वाटेवरचे हमरापूर

अष्टविनायकांपैकी पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक ही दोन क्षेत्रे रायगड जिल्ह्यात आहेत. सुट्टीच्या दिवशी, संकष्टीला, माघी आणि भाद्रपदी उत्सवांत तेथे भाविकांची रीघ लागते. पहाटे निघावे, रांगेत उभे राहून दर्शन घ्यावे आणि प्रसादाचे पुडे घेऊन सायंकाळी घरी परतावे, असा या यात्रेचा आजचा क्रम झाला आहे. श्रद्धा उणी झालेली नाही. उसंत मात्र उणी झाली आहे.

तीर्थयात्रा ही आपल्या पूर्वजांची लोकशिक्षणाची व्यवस्था होती. यात्रेकरू देवाबरोबर त्या भूमीचे, तेथील इतिहासाचे आणि माणसांचेही दर्शन घेत असे. पालीपुरते बोलायचे तर बल्लाळेश्वर हा अष्टविनायकांतील भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती. त्याच्या आधी मागील धुंडीविनायकाचे दर्शन घेण्याची परंपरा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाचे स्मरण देणारी घंटा मंदिरात आहे, असे परंपरा सांगते. पाठीशी सरसगड उभा आहे, जवळच उन्हेऱ्याची उष्णोदकाची कुंडे आहेत. रांगेतून बाहेर पडताच गाडीकडे धावणाऱ्या किती कुटुंबांतील मुलांना हे ठाऊक असते?

याच यात्रेच्या वाटेवर आणखी एक ठिकाण आहे. मुंबईहून गोवा महामार्गाने पालीकडे जाताना पेणच्या अलीकडे हमरापूर लागते. येथे प्रसिद्ध देवस्थान नाही. परंतु महाराष्ट्रातील असंख्य घरांत भाद्रपद चतुर्थीला जो गणपती बसतो, तो हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या परिसरातील कारखान्यांत आकार घेतो. पेण शहरात रुजलेली ही कला या गावांच्या घराघरांत पसरली. साच्यातून मूर्ती काढणे, सांधे बुजवणे, घासून गुळगुळीत करणे, रंग देणे आणि अखेरीस डोळ्यांची आखणी करणे, अशा अनेक हातांतून ती पुढे सरकते. आखणी करणारा हात सर्वांत अनुभवी असतो, कारण मूर्तीच्या मुखावरील भाव त्या रेषांवरच अवलंबून असतो. घरचे आणि शेतीचे काम सांभाळून स्त्रियाही रंगकामाला बसतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी जहाजाने रवाना होतात.

या कारागिराचा पाय आज दुहेरी पेचात अडकला आहे. शाडूची मूर्ती जड असते, वाळायला वेळ घेते, पावसाळी हवेत तर फारच. प्रवासात ती तडकण्याचे भय असते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती हलकी, स्वस्त आणि झटपट सुकणारी. ग्राहकाने मोठी आणि कमी किमतीची मूर्ती मागितली. कारखान्याने ती दिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या कठोर अंमलबजावणीचा आदेश दिला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मूर्ती घडवण्यास मुभा दिली, पण नैसर्गिक जलाशयातील विसर्जनाचा प्रश्न उरला. पुढे जुलैमध्ये सहा फुटांहून उंच मूर्तींपुरती मार्च २०२६ पर्यंतची सवलत मिळाली. कर्ज काढून माल भरणाऱ्या कारागिराला पुढच्या हंगामात काय विकले जाईल, हेच उमगेना.

या पेचाचा सगळा दोष कारागिराच्या माथी मारणे हा अन्याय आहे. त्याच्या पोटाची चिंता न करता बंदीचा जयजयकार करणे जितके सोपे, तितकेच उत्सवाच्या नावाखाली नदी आणि खाडीचे हाल डोळ्यांआड करणेही सोपे. या वादात आपल्या परंपरेने दिलेले उत्तर स्पष्ट आहे. चतुर्थीला आपण करतो ते पार्थिव गणेशपूजन, म्हणजे मातीच्या मूर्तीचे पूजन. मातीतून आलेले रूप प्राणप्रतिष्ठेने देव होते आणि उत्तरपूजेनंतर पुन्हा पाण्यात, मातीत मिसळते. जी मूर्ती विरघळतच नाही, तिच्या विसर्जनाला अर्थ तो कोणता?

म्हणून पालट ग्राहकाच्या घरापासून व्हायला हवा. घरगुती मूर्ती लहान असावी, शाडूची असावी आणि तिची मागणी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात न करता चार-सहा महिने आधी आगाऊ रक्कम देऊन नोंदवावी. वेळ मिळाला तर शाडू सावकाश सुकतो आणि कारागिराच्या डोक्यावरील कर्जही हलके होते. मातीच्या कामाला अधिक श्रम पडतात, तेव्हा दोन पैसे अधिक देताना घासाघीस नको. गृहसंस्थांनी आणि शाळांनी एकत्र मागणी नोंदवली, तर वाहतुकीचा प्रश्नही सुटेल. शासनानेही मनाई-मुभेचा निर्णय ऐन हंगामात न देता वर्षभर आधी द्यावा.

शासनाने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. हा मान मंडपाच्या रोषणाईपुरता उरू नये. ज्यांच्या बोटांतून उत्सवाचा देव साकारतो, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला पाहिजे. पालीला जाणाऱ्या कुटुंबांनी वाटेत तासभर हमरापूरला थांबावे. मुलांना शाडू मळणारे हात आणि आखणी करणारे डोळे दाखवावेत, आणि पुढच्या चतुर्थीचा गणपती तेथेच सांगून यावा. तेवढ्याने यात्रेला अर्थ येईल आणि कारागिराला आधार मिळेल.