घरात भरलेल्या कापसाचा हिशोब

अकोटच्या बाजारात कापसाचा भाव निघाला की तासाभरात गावोगावच्या मोबाइलवर पोचतो. भाव कळतो, परवडतो की नाही, ते कळत नाही. म्हणून आता कॉलेजातली पोरं बापाची वही एक्सेलमध्ये उतरवून देऊ लागली आहेत. चांगलंच आहे. पण नुसती उतरवली तर ती टाइप केलेली वहीच राहते.

अशीच एक शीट परवा पाहिली. तारीख, वेचलेले किलो, वेचाईची मजुरी, खाली एकूण. "काका, बेरीज काऊन कमी येऊन रायली?" पोरगा वैतागला होता. एका घरात त्यानं '८५ किलो' असं लिहिलं होतं. एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरजेतून मुकाट्यानं गाळतं, हूं की चूं करत नाही. 'किलो' वर मथळ्यात लिहायचं, घरात फक्त आकडा. शिवाय मागाहून भरलेल्या दोन ओळी सूत्राच्या हद्दीबाहेरच राहिल्या होत्या. यात पोराला हसण्यासारखं काही नाही. देशांच्या कर्जावरचा राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा २०१० चा निबंध जगभर गाजला. त्यांच्या सरासरीतूनही पाच देश असेच सुटले होते. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं ते दाखवून दिलं.

सरासरी तशीही फसवी. समजा, १० क्विंटल ७,००० नं गेला आणि २ क्विंटल ८,००० नं. भावांची सरासरी ७,५००; पदरात पडले क्विंटलमागे ७,१६७. पारावर सांगायला पहिला आकडा बरा, पण बँकेत दुसराच चालतो. 'सम-प्रॉडक्ट' हे सूत्र प्रत्येक विक्रीचे क्विंटल आणि भाव गुणून बेरीज देतं. तिला एकूण क्विंटलनं भागायचं.

आलेखाचा मोह आवरावा. भावाला साधी रेषा पुरते. स्तंभच हवे असतील तर ते शून्यापासून उभे करा. ७,००० पासून सुरू केले तर ७,४०० चा स्तंभ ७,२०० च्या दुप्पट दिसतो, आणि घरातली मंडळी उगाच हुरळतात.

खरा प्रश्न दिवाळीनंतरचा: विकायचा की भरून ठेवायचा? त्यासाठी आजचा भाव, महिन्याचं व्याज, महिने आणि वजनातली घट यांना चार वेगळी घरं द्या. सूत्रात आकडे कोंबू नका. आजच्या भावात तेवढ्या महिन्यांचं व्याज मिळवायचं आणि १ मधून घट वजा करून त्यानं भागायचं. भाव ७,५००, व्याज महिना १ टक्का, चार महिने, घट ३ टक्के धरली तर उत्तर येतं ८,०४१. म्हणजे पुढं ८,००० मिळाले तरी तोटाच. घटीच्या घरात ३ ऐवजी ५ टाका, लगेच ८,२११ दिसेल. घट किती धरायची हे मात्र एक्सेलला विचारून उपयोग नाही. कापूस भरताना आणि विकताना, दोन्ही वेळा काट्यावर चढवला असेल त्यालाच ते ठाऊक.