जाऊ द्या म्हणणाऱ्यांचा तालुका

पावसाळा लागला की लोणावळ्यात परक्या माणसाला लुबाडणे हा अनेकांना धंद्याचाच भाग वाटू लागतो. पवनेच्या काठावरचा तंबू फोनवर एक दाखवायचा, आगाऊ पैसे घ्यायचे आणि हाती भलताच द्यायचा. डोंगरावर पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीहून जास्त घ्यायचे. शेजारचा दुकानदार हे पाहतो आणि मान वळवतो. ‘पाहुणा आहे, उद्या जाईल’, एवढ्यावर आपल्या विवेकाची समजूत पटते. प्रामाणिकपणे दुकान चालवणारे इथे पुष्कळ आहेत, हे मी जाणतो. माझा आरोप त्यांच्या गप्प राहण्यावर आहे.

परक्याला चालणारे माप घरच्यालाही लागते. भातखाचरात पेरलेले बियाणे उगवत नाही तेव्हा मावळातला शेतकरी नशिबाला दोष देतो आणि कृषी केंद्रात पुढच्या हंगामासाठी पुन्हा उधारी मागतो. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हाही ग्राहकच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. तो त्याला सांगायला गावातला एकही शिकलेला माणूस पुढे का येत नाही?

कायदा मात्र पुढे गेला. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा आला, २० जुलै २०२० पासून लागू झाला. जिल्हा मंचाचा जिल्हा आयोग झाला. तक्रारदाराला आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. मुंबईचे गिऱ्हाईक पुण्याला हेलपाटे घालणार नाही, हा फसवणाऱ्याचा हिशेब तिथेच मोडला. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मालाची तपासणी नको असेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच सांगतो.

पण निकाल देणार कोण? आयोगांतल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पदे भरायची नसतील तर कायदाच रद्द करा, असे सरकारला सुनवावे लागले. नियुक्तीचे काही नियम त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात टिकले नाहीत आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. नवी पाटी लावायची आणि आत माणूस बसवायचा नाही, ही फसवणूक सरकारची आहे. ज्या राज्यातल्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, त्या राज्याला ही शोभत नाही.

एका जिल्ह्यात एकाहून अधिक आयोग नेमण्याची मुभा राज्याला कायद्यानेच दिली आहे. मग वडगाव मावळात एक का नसावा? आमदारांना, नगरपरिषदेला, ग्रामसभांना हे विचारायला हवे आणि ठराव लेखी मागायला हवा. व्यापारी संघटनांनी लबाडी करणाऱ्या सभासदाचे नाव स्वतःहून जाहीर करावे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. गेल्या पावसाळ्यात ज्यांचे पैसे बुडाले, त्यांची मुदत आपल्या गप्प बसण्यातच सरते आहे.