माळ्यावरच्या पेटीतली शंभर नाणी

मूल आणि प्राणी यांच्या दोस्तीचा सिनेमा म्हटला की आपण कार्यकर्त्या निर्धास्त होतो. मारामारी बेताची, अंगप्रदर्शन नाही, शेवट गोड. मुलांच्या शिबिरात, दुपारी सगळे पेंगुळलेले असताना लावून द्यायला बरा. जाहिराती आणि मालिका आपण ज्या बारकाईनं तपासतो, तसे हे सिनेमे तपासत नाही. तपासायला हवेत. कारण साहस कुणी करायचं आणि घरी बसून वाट कुणी बघायची, याची वाटणी हे सिनेमे मुलांना फार लहान वयात करून देतात.

साचा ठरलेला असतो. साहस मुलाचं. आई एक तर आधीच वारलेली, नाहीतर दारात उभी राहून ‘जाऊ नकोस’ म्हणणारी. आपला ‘हाथी मेरे साथी’ (१९७१) आठवून बघा. अनाथ राजूला हत्तींनी आधार दिला, त्यांच्या जिवावर तो उभा राहिला. पुढं लग्न होतं, मूल होतं, आणि ‘हत्ती की आम्ही’ असा पेच घालते कोण, तर बायको. तान्ह्या मुलासाठी तिला वाटणारी भीती काही खोटी नाही. पण सिनेमाच्या हिशेबात ती दोस्तीतली अडचण ठरते. शेवटी हत्ती जीव देतो तेव्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या पाण्यात तिच्यावरचा थोडा रागही मिसळलेला असतो.

लॅसीची गंमत तर वेगळीच. ‘लॅसी कम होम’ (१९४३) मधली जगप्रसिद्ध कुत्री लॅसी ही गोष्टीत मादी. पडद्यावर मात्र ते काम पाल नावाच्या कुत्र्यानं केलं, नरानं. नराची फर दाट राहते, तो अंगानं भरदार दिसतो, हे कारण. पालनंतर पुढच्या सिनेमांत आणि टीव्हीवर त्याच्याच वंशातले नर लॅसी होत राहिले. म्हणजे निष्ठा, माया, सोसणं हे गुण बाईचे. पण ते दाखवण्याची संधी आणि मानधन पुरुषाला! आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांची आठवण यावी असाच हा प्रकार. असो.

या सगळ्या गर्दीत मला ज्या सिनेमाबद्दल लिहायचं आहे तो ‘नॅशनल व्हेल्व्हेट’. अमेरिकेत १९४४ साली निघालेला, क्लॅरन्स ब्राउननं दिग्दर्शित केलेला, एलिझाबेथ टेलर बारा वर्षांची असताना तिनं काम केलेला. मूळ कादंबरी ईनिड बॅग्नॉल्ड या इंग्लिश लेखिकेची, १९३५ ची. हा सिनेमा पुष्कळदा ‘घोड्यावर प्रेम करणाऱ्या मुलीचा सिनेमा’ म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण मला तो तिच्या आईचा सिनेमा वाटतो, आणि आईच्या पैशांचा.

गोष्ट थोडक्यात अशी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ससेक्समधलं एक गाव. खाटकाचं दुकान चालवणारं ब्राउन कुटुंब. धाकटी मुलगी व्हेल्व्हेट घोड्यांनी झपाटलेली. दातांना तारा लावलेली, अंथरुणात पडून लगाम ओढण्याची नक्कल करणारी. गावात एक अनावर घोडा असतो. त्याचं नाव पायरेट, लाडानं पाय. मालक वैतागून त्याची सोडत काढतो आणि तो व्हेल्व्हेटला लागतो. घरी आलेला भटका तरुण, ज्याचं नाव माय टेलर (मराठी कानाला मजेशीर वाटेल, पण आहे तसंच), तो घोड्यांतला जाणकार निघतो. हा घोडा ग्रँड नॅशनलमध्ये पळू शकेल असं व्हेल्व्हेटच्या डोक्यात येतं. लिव्हरपूलजवळ एन्ट्रीला होणारी ही इंग्लंडमधली सगळ्यांत अवघड शर्यत; सुमारे सात किलोमीटर, तीस उड्या. नोंदणीची फी शंभर पौंड. खाटकाच्या मुलीनं शंभर पौंड आणायचे कुठून?

इथं सिनेमा बापाकडे जात नाही, सावकाराकडे जात नाही, कुणा दयाळू उमरावाकडेही जात नाही. तो आईबरोबर माळ्यावर जातो. ही आई वयात असताना इंग्लिश खाडी पोहून गेलेली आहे. तेव्हा बक्षीस मिळालेली सोन्याची शंभर नाणी तिनं पेटीत जपून ठेवलेली आहेत, वर्तमानपत्रांच्या कात्रणांसोबत. लग्न झालं, चार मुलं झाली, दुकानाचे हिशेब ठेवण्यात आयुष्य गेलं. नाण्यांना हात लागलेला नाही. ती आता ही नाणी मुलीच्या हातावर ठेवते. पैसे तिचे, निर्णयही तिचा.

मैत्रिणींनो, या प्रसंगापाशी जरा थांबू या. बाईनं बाजूला टाकलेले पैसे आपल्याला नवे नाहीत. पिठाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, पातळाच्या घडीत, आणि आता बचत गटाच्या पासबुकात. ते बाहेर कधी निघतात? आजारपणात. दिराच्या फीला. नवऱ्याची नोकरी सुटली तर. मुलीच्या लग्नात, आणि फार तर तिच्या शिक्षणात. स्त्रीधन म्हणून कायद्यानं ज्यावर फक्त बाईचा हक्क, तेही घरच्या अडचणीलाच आधी गहाण पडतं. मुलीच्या खुळासाठी, ज्यातून घराला दमडी मिळण्याची खात्री नाही अशा गोष्टीसाठी, आईनं स्वतःची पेटी उघडली असं आपण किती वेळा पाहिलं? मुलाच्या क्रिकेटच्या किटसाठी उघडलेली पाहिली आहे. मुलीच्या गिर्यारोहणासाठी, पोहण्यासाठी, कुस्तीसाठी उघडलेली फारच कमी. आपल्या बचत गटांच्या कर्जाच्या यादीतही शेळी, शिलाई मशीन, आजारपण, घरदुरुस्ती असते. ‘हौस’ असा रकाना नसतो. आपणच तो ठेवलेला नाही, कारण गरिबीत हौस परवडत नाही असं आपण धरून चालतो. ब्राउनबाई काही श्रीमंत नाही. माणसाला आयुष्यात एखादा मोठा खुळेपणा करायला मिळाला पाहिजे, आणि बाईलाही, एवढंच तिचं म्हणणं.

बाईनं खाडी पोहणं हे त्या काळात निव्वळ कल्पनेतलं नव्हतं. अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ल १९२६ च्या ऑगस्टमध्ये ही खाडी पोहली, असं करणारी पहिली स्त्री. वय वीस. तिच्याआधी पाच पुरुषांनी ती पार केली होती. त्या सगळ्यांपेक्षा तिला जवळजवळ दोन तास कमी लागले. बायकांचं शरीर एवढे कष्ट सोसणार नाही म्हणणाऱ्यांची तोंडं त्या दिवशी बंद झाली. आपल्याकडे आरती साहा १९५९ साली, एकोणीस वर्षांची असताना ही खाडी पोहली. आशियातली पहिली स्त्री. तिच्याही वाट्याला पैशांची जमवाजमव आलीच. पाणी पोहण्याआधी पैशांचं पात्र पार करावं लागतं.

या आईचं काम केलं ॲन रिव्हिअर या अभिनेत्रीनं. हातवारे नाहीत, अश्रू नाहीत. सरळ उभी राहून सरळ बोलणारी बाई. त्यासाठी तिला साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. पुढं १९५१ मध्ये अमेरिकेत डाव्या विचारांच्या लोकांची धरपकड चालू असताना तिनं चौकशी समितीपुढं उत्तरं द्यायला नकार दिला, आणि जवळजवळ वीस वर्षं हॉलीवूडनं तिला काम दिलं नाही. सिनेमातल्या आईचा ताठ कणा हा अभिनय नव्हता, असं म्हणायला हरकत नाही.

आता शर्यतीकडे. आयत्या वेळी ठरवलेला जॉकी भरवशाचा वाटत नाही, म्हणून व्हेल्व्हेट स्वतःच बसायचं ठरवते. माय टेलर तिचे केस कापतो. पुरुषाचा वेष घालून ती शर्यत जिंकते. रेषा ओलांडल्यावर मात्र भोवळ येऊन घोड्यावरून पडते, डॉक्टर तपासतात, मुलगी असल्याचं उघड होतं. बक्षीस जातं.

आपल्यातल्या काहीजणींना हा सिनेमा पसंत नाही. मुलीला जिंकवलं आणि मग घरी आणून बसवलं, हॉलीवूडनं बोलावलं तर तिनं नाही म्हटलं, म्हणजे शेवटी चौकट तीच, असा त्यांचा आक्षेप. मला तो पुरता पटत नाही. व्हेल्व्हेट नाही म्हणते ते आपला घोडा तमाशाला लावायचा नाही म्हणून. नकार देणारी प्रत्येक मुलगी दबलेली नसते.

माझं भांडण दोन वेगळ्या जागी आहे. एक म्हणजे बाद ठरवण्याचं कारण. घोडा ठरलेल्या जागी पोचण्याआधी स्वार उतरला, ही तांत्रिक चूक सिनेमा पुढं करतो. त्यामुळे ‘बाईला घोड्यावर बसू देत नाहीत हा नियमच अन्यायाचा आहे’ हे वाक्य कुणालाच उच्चारावं लागत नाही. सगळे हसत घरी. दुसरं म्हणजे आईचं तत्त्वज्ञान. प्रत्येक गोष्टीची आपापली वेळ असते: शर्यतीची, प्रेमाची, मुलाबाळांची, मरणाची, सगळं क्रमानं. ऐकायला शहाणपणाचं. पण पुरुषाला हा क्रम कुणी लावून देत नाही. त्याचं साहस संसार मांडल्यावर संपत नाही. बाईला मात्र खुळेपणा एकदाच, तोही लग्नाआधी, आणि मग त्याची कात्रणं पेटीत. ही बाई पुन्हा पाण्यात का उतरली नाही, हा प्रश्न सिनेमा तिला विचारतच नाही. तिनं उदार होऊन मुलीला दिलं याचं कौतुक करताना आपणही तो विसरतो. आईचा त्याग म्हटला की आपल्याला भरून येतं, तिथंच सावध राहायचं.

बाहेरच्या जगात तो नियम कसा मोडला, हे सिनेमा दाखवून झाल्यावर मुलींना सांगायलाच हवं. इंग्लंडच्या जॉकी क्लबला बायका घोड्यांच्या शिक्षक म्हणूनसुद्धा चालत नव्हत्या. फ्लॉरेन्स नेगल ही बाई वर्षानुवर्षं घोडे तयार करत होती, पण परवाना तिच्या तबेल्यातल्या मुख्य नोकराच्या नावावर. आपल्याकडे ग्रामपंचायतीत सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा असतो. तिथं कारभार बाईचा आणि सही नोकराची होती. सत्तरी ओलांडलेल्या नेगलबाई कोर्टात गेल्या. १९६६ मध्ये अपील न्यायालयानं दावा चालवण्याजोगा आहे असं म्हटलं आणि क्लबला माघार घ्यावी लागली. मग १९७५ चा लिंगभेदविरोधी कायदा आला. १९७७ मध्ये शार्लट ब्रू ही ग्रँड नॅशनलमध्ये घोडा घालणारी पहिली स्त्री ठरली. सिनेमानंतर तेहतीस वर्षांनी. शेवटाजवळच्या एका उडीला तिचा घोडा अडला. १९८२ मध्ये जेराल्डीन रीसनं शर्यत पुरी केली. आणि १० एप्रिल २०२१ ला आयर्लंडच्या रेचेल ब्लॅकमोरनं ती जिंकली, केस न कापता, स्वतःच्या नावावर. व्हेल्व्हेटच्या खोट्या नावानं जिंकण्यापासून हे खऱ्या नावानं जिंकेपर्यंत सत्त्याहत्तर वर्षं गेली. ती घोड्याच्या वेगानं गेली नाहीत. कोर्टकचेरी, अर्ज, मोर्चे आणि कायद्याच्या कलमांच्या वेगानं गेली.

एक गोष्ट राहिली, ती घोड्याची. मुलीच्या स्वातंत्र्याची कथा आपण ज्याच्या पाठीवर बसून ऐकतो त्या जनावराला या शर्यतीत काय सोसावं लागतं? १९२८ साली बेचाळीस घोडे सुटले आणि शेवटपर्यंत पोचले दोन. पडून मान किंवा पाय मोडलेल्या घोड्यांची संख्या वर्षानुवर्षं वाढत गेली, तेव्हा कुठं टीकेमुळे उड्या सौम्य केल्या, आणि २०२४ पासून चाळीसऐवजी चौतीसच घोडे उतरवायचं ठरलं. व्हेल्व्हेटचं घोड्यावर जिवापाड प्रेम आहे, तरी ती त्याला अशा ठिकाणी नेते. त्याला विचारण्याची सोय नाही. मुली हा प्रश्न हमखास काढतात, आणि तो टाळू नये. जिंकण्याची व्याख्या पुरुषांनी केलेली, मैदान त्यांचं. तिथं शिरायला मिळालं म्हणजे झालं का, हा आपला जुनाच वाद या घोड्याच्या निमित्तानं नव्यानं घालता येईल.

सिनेमा दोन तासांचा आहे, इंग्रजी आहे, त्यामुळे शेजारी बसून कुणीतरी मराठीत सांगत राहावं लागेल. माझी सूचना अशी की तो मुलींना एकट्या दाखवू नका, त्यांच्या आयांना आणि जमल्यास आज्यांनाही बोलवा. माळ्यावरचा प्रसंग संपला की तिथंच बंद करा, दिवे लावा, चहा सांगा. आधी आयांना बोलू द्या: त्यांच्या पेटीत काय आहे, ते कुणासाठी ठेवलं आहे, आणि त्यातलं काही अजून स्वतःसाठी काढावंसं वाटतं का. शर्यत चहानंतर.