परगांवीं जेवावें कोठें?

परगांवीं जाण्याचें ठरलें म्हणजे घरांत पहिला प्रश्न निघतो तो उतरावें कोठें हा, आणि दुसरा निघतो जेवावें कोठें हा. पहिल्याचें उत्तर आतां घरबसल्या मिळतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र पानावर बसेपर्यंत मिळत नाहीं, आणि कधीं कधीं तर तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिळतें! गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब मालवणास जाऊन आलों. समुद्रांत कुरटे बेटावर उभा असलेला सिंधुदुर्ग पाहावा, तारकर्लीची वाळू तुडवावी आणि मुलांना चार दिवस मोकळी हवा मिळावी, एवढाच हेतु होता. पण ह्या चार दिवसांत जेवणाच्या प्रश्नानें आम्हांस जें शिकविलें, तें वाचकांच्या कानांवर घालावेंसें वाटतें.

मंडळींत सात माणसें होतीं: आम्ही उभयतां, मुलगा, सूनबाई, दोन नातवंडें आणि आमच्या वहिनी. वहिनींचें वय ब्यायशीं. लग्न होऊन त्या कळंबास आमच्या घरीं आल्या तेव्हां आम्ही चार वर्षांचे होतों, आणि आईच्या मागें आम्हांस त्यांनींच वाढविलें. जन्मांत त्यांनीं समुद्र पाहिला नव्हता, आणि जन्मांत त्या बाहेर जेवल्या नव्हत्या. पहिली उणीव भरून काढावी असें त्यांच्या मनांत आलें. दुसरी त्यांना उणीव वाटतच नव्हती.

आमच्या लहानपणीं बाहेरच्या जेवणाचा प्रश्न घरांत निघतच नसे. बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी १८९७ सालीं बार्शीस आली, १९११ सालीं लातुरास पोंचली व १९२७ सालीं मिरजेस. कळंबरोड स्टेशनावर ती पकडावयाची, आणि पकडण्यापूर्वीं दशम्यांचा डबा, शेंगांची चटणी व सातूचें पीठ बरोबर आहे ना, हें पाहावयाचें. पिठांत पाणी न घालतां तें दुधांत भिजविलें म्हणजे दशमी प्रवासांत चालते, हा जुना दंडक. त्यांत धर्म किती आणि व्यवहार किती ह्याचा वाद पंडितांनीं करावा. दोन दिवस टिकणारें, आपल्या हातचें अन्न जवळ असे आणि पोट बिघडत नसे, एवढें खरें.

ज्यांना शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं दूर राहावें लागे त्यांच्याकरितां शहरांत खानावळी निघाल्या. पुष्कळ खानावळींच्या पाट्यांवर चालकाची जात लिहिलेली असे, आणि गिऱ्हाईक ती वाचून आंत शिरे. पण त्या काळींहि जाणत्या चालकांस ठाऊक होतें कीं लोकांस आणखी कांहीं हवें आहे. मामा काणे यांनीं १९१० सालीं दादरास काढलेलें उपाहारगृह ‘स्वच्छ उपाहारगृह’ म्हणून नांवाजलें. पुढें १९५० सालीं राज्यघटना अमलांत आली, आणि तिच्या पंधराव्या कलमानें उपाहारगृहांत जातीवरून कोणास मज्जाव करण्यास बंदी झाली. जुन्या पाट्या उतरत गेल्या. पाटी वाचण्याची संवय मात्र आमच्या डोळ्यांतून उतरली नाहीं, आणि तिची किंमत आम्हीं आठ वर्षांपूर्वीं मोजली.

त्या वर्षीं आम्ही यात्रेस निघालों होतों. वाटेंत एका ठिकाणीं ‘शुद्ध ब्राह्मणी जेवण’ अशी पाटी दिसली. दुपारचे साडेतीन वाजले होते, पंगत केव्हांच उठली होती, माशा घोंघावत होत्या. पण पाटी पाहून आमचें समाधान झालें! आंत जाऊन स्वयंपाक कोणाचा हें आम्हीं विचारलें. केव्हांचा, हें विचारलें नाहीं. सकाळीं शिजवून ठेवलेला कोमट भात आमच्या चार वर्षांच्या नातीनें आवडीनें खाल्ला. सायंकाळीं तिला उलट्या सुरू झाल्या, रात्रीं जुलाब, आणि मध्यरात्रीं तिचे डोळे खोल गेले. तालुक्याच्या गांवीं डॉक्टर भेटले म्हणून पोर वांचली. त्यांनींच आम्हांस समजावून सांगितलें कीं भातांतले कांहीं जंतु बीजरूपानें उकळीलाहि दाद देत नाहींत, भात कोमट राहिला म्हणजे ते वाढतात, आणि त्यांतल्या कांहींचें विष पुन्हा गरम करूनहि जात नाहीं. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे, हें जलसंजीवनीचें प्रमाण तेव्हांपासून आमच्या टिपणवहीच्या पहिल्या पानावर आहे.

दुर्योधनानें जेवणास बोलाविलें तेव्हां श्रीकृष्णानें नकार दिला, ही उद्योगपर्वांतली कथा वाचकांस ठाऊक आहेच. दुसऱ्याचें अन्न माणूस प्रेमामुळें खातो किंवा आपत्तीमुळें खातो. येथें दोन्ही नाहींत, असें सांगून तो विदुराच्या घरीं गेला. आजचा प्रवासी तिसऱ्याच कारणानें जेवतो, तें म्हणजे पैसे देऊन. यजमानाचें प्रेम नाहीं, आपल्यावर आपत्तिहि नाहीं. मग विश्वास ठेवावयाचा कशावर?

आमच्या चिरंजिवांचा विश्वास फोनवरच्या ताऱ्यांवर. बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज ह्या वाटेनें आम्ही कोल्हापुरास मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशीं राधानगरीवरून फोंडा घाट उतरून मालवण गांठलें. वाटेंत प्रत्येक गांवच्या भोजनगृहांस किती तारे आहेत हें तो वाचून दाखवीत होता. तारे अगदींच निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण ते देणारा माणूस बहुधा चवीचे देतो, गर्दीचे देतो, खिडकींतून समुद्र दिसतो त्याचे देतो. ब्यायशीं वर्षांच्या सोवळ्याच्या बाईस येथें जेवतां येईल काय, ह्याचा तारा कोणी दिलेला आम्हांस आढळला नाहीं. आम्ही स्वतः भिंतीवरचा चौदा आंकडी परवाना पाहतों, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें तो दर्शनीं लावावा लागतो. तथापि चालकाची नोंद सरकारदरबारीं झाली आहे एवढेंच तो सांगतो. आज सकाळीं भांडीं कशीं घासलीं हें सांगत नाहीं.

मालवणास पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं, रविवारीं सकाळीं, वहिनींनीं डबा उघडला तों दशम्यांवर बुरा आलेला. आमच्या कळंबच्या कोरड्या हवेंत जें तीन दिवस सहज टिकतें, तें समुद्राच्या दमट हवेंत टिकलें नाहीं. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दोन केळीं खाऊन होडींत बसल्या. किल्ल्यांत सर्वत्र हिंडल्या. दूधबाव, दहीबाव व साखरबाव ह्या विहिरी पाहून, चोहोंकडे खारें पाणी असतां मधोमध हें गोडें पाणी कसें, म्हणून त्यांनीं हात जोडले. परत धक्क्यावर उतरतांना मात्र त्यांना घेरी आली आणि आमच्या खांद्यावर त्यांचा सगळा भार पडला. तो भार किती थोडा होता, हें त्या क्षणीं आम्हांस कळलें.

चिरंजिवांनीं सर्वांत अधिक ताऱ्यांचें भोजनगृह काढलें. जागा नीटनेटकी होती, माणसें आदबशीर होतीं. पण पदार्थांची यादी आठ पानांची, आणि स्वयंपाकघर आमच्या माजघराएवढें. शाकाहारी जेवण मिळेल म्हणाले. त्यासाठीं भांडीं वेगळीं आहेत काय म्हणतां, वाढप्यानें “हो, हो” म्हणून मान डोलविली आणि तो दुसऱ्या टेबलाकडे वळला. त्यांत त्याची चूक नाहीं. खाडीकांठचा तो गांव, मासळी हेंच तेथलें मुख्य अन्न. लोक तेथें येतात तेच तें खाण्यासाठीं. पण वहिनी दारांतूनच परतल्या. आम्हीं त्यांना छांदोग्यांतल्या उषस्ति चाक्रायणाची गोष्ट सांगितली: दुष्काळांत त्यानें माहुताचे उष्टे उडीद खाल्ले, तेव्हां आपत्तींत एवढें चालतें. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, येथें दुष्काळ कोठें आहे? आणि त्यानें निदान खरें काय तें विचारून खाल्लें.”

उतरलों होतों त्या आळींत एक बाई घरगुती जेवण देत असत. दार उघडें, अंगण सारवलेलें, पाटी नाहीं. सूनबाई विचारावयास गेली, मागोमाग आम्ही गेलों. वहिनींकडे एकदां पाहून बाई म्हणाल्या, “आजी, आज नको. आज सगळे टोप माशांचे हत. उद्यां सोमवार; उद्यां येवा.”

वाचकहो, आमच्या साऱ्या प्रवासांत आम्हांस मिळालेलें हें सर्वांत मोलाचें उत्तर. सात पानें समोरून चालून आलीं असतां जी बाई ‘आज नको’ म्हणते, तिच्याकडे उद्यां डोळे मिटून जावें. ती रात्र वहिनींनीं दुधावर काढली.

सोमवारीं कोंकणांत पुष्कळ घरीं मासळी शिजत नाहीं. आम्ही दुपारीं बारांच्या आधींच गेलों. वहिनी सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं जाऊन उभ्या राहिल्या. त्या काय विचारणार ह्याची आम्हांस भीति वाटत होती. त्यांनीं विचारलें, “पाणी कुठलं?” बाईंनीं परसांतली विहीर दाखविली, मग चुलीवरच्या पितळी टोपाकडे बोट केलें: “ह्यो टोप पूजेच्या प्रसादाचो. ह्येच्यात मासो कधी शिजवूक नाय.” ह्यापलीकडे वहिनींनीं कांहीं विचारलें नाहीं. तव्यावरून पानांत पडणारें घावन, काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाच्या घोट्यांची भाजी, भात, आणि वहिनींसाठीं लसूण न घालतां केलेली सोलकढी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आमच्या जिभांना सगळेंच नवें; पण वहिनींनीं तिसरें घावन मागून घेतलें.

आतां ह्यांतून व्यवहाराच्या चार गोष्टी काढतां येतात. जेवणाची वेळ साधावी, म्हणजे गांव जेवतें तेव्हां, पहिल्या पंगतीस जावें. जाणकार सांगतात कीं गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर व थंड अन्न ५ अंशांच्या खालीं ठेवावें. मधल्या कोमट प्रदेशांत जंतु झपाट्यानें वाढतात. तेव्हां वाफ निघत असलेलें अन्न घ्यावें, आणि अवेळीं पोंचल्यास भातापेक्षां सोलून खाण्याचें फळ बरें. यादी जितकी लांब आणि स्वयंपाकघर जितकें लहान, तितका संशय धरावा. गांवचें जें नेहमीचें अन्न तेंच मागावें. मालवणांत घावन व आंबोळी रोज ताजी होते, पनीराची गोष्ट वेगळी. आणि बसण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा: “आज आमच्यासारख्यांनीं येथें काय खाऊं नये?” सगळेंच उत्तम आहे असें उत्तर आलें तर नमस्कार करून बाहेर पडावें. एखाद्या पदार्थाचें नांव घेऊन ‘तो आज नको’ असें उत्तर आलें तर पाट मांडून बसावें.

आमचीं पानें उठलीं. सूनबाईनें पैसे दिले, ते बाईंनीं मोजून घेतले. आम्ही निघण्याच्या तयारींत होतों, तों वहिनींनीं त्यांना विचारलें, “तूं जेवलीस का?” बाई हंसून म्हणाल्या, मागाहून जेवेन. वहिनींनीं कांठी भिंतीला टेकविली, पदर खोंचला आणि म्हणाल्या, “मागाहून कशाला? बस. मी वाढतें.”

बाई संकोचानें बसल्या. आम्हांस ज्या हातांनीं साठ वर्षें वाढलें, त्या थरथरत्या हातांनीं वहिनींनीं त्यांच्या पानांत भात वाढला, उसळ वाढली, आणि सोलकढीची वाटी भरतांना विचारलें, “तुला लसणाची हवी असेल ना? आज माझ्यामुळं तुला बिनलसणाची.” आम्ही ओसरीवर बसून राहिलों. किल्ल्याकडे जाणारी दुपारची होडी चुकली, आणि कोणीहि तिची आठवण काढली नाहीं.